वाचणारणीची मूठ

हल्ली कोणी नवीन भेटलं की विचारतं, तुमचा आवाज असा घोगरा कशाने झाला. मी सांगते, एका राजकन्येपायी. लोकांना वाटतं म्हातारीला विनोद सुचतोय. विनोद करायचं वयही सरलं आणि उमेदही. जे झालं ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको.

निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत मी काड्या वेचायचं काम केलं. एक-दोन नव्हे, पुरी चौदा वर्षं. चाळलेल्या तंबाखूत देठांचे बारीक तुकडे राहतात, ते हाताने निवडून काढायचे. भिंतीला पाठ लावून बाराजणी एका ओळीत बसायच्या, पुढे सूप, बाजूला पाटी. निवडलेला माल पाटीत टाकायचा, संध्याकाळी मुकादम येऊन कुणाची पाटी भरली, कुणाची नाही ते बघायचा. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून प्रत्येकीचं तोंड फडक्याने बांधलेलं. दिवसभर नुसते डोळे दिसायचे. एखादी नवीन बाई चार दिवस शिंकायची, पाचव्या दिवसापासून आमच्यासारखी व्हायची.

मी तशी बेळगावची. वडील एका वकिलाकडे कारकून होते, त्यांनी मला मराठी चौथीपर्यंत शिकवलं आणि मग रीतीप्रमाणे लग्न करून दिलं. नवऱ्याने एकदा दिवाळीला माहेरी आणून पोचवलं, तो परत न्यायला आलाच नाही. आधी सहा महिने वाट बघितली, मग वर्ष, मग कोणी तो विषय काढेना. आईला भाऊ नव्हता. मामा असता तर चार माणसं घेऊन गेला असता, जाब विचारला असता, निदान हंडा-कळशी तरी परत आणली असती. वडील गेले तेव्हा आई आणि मी निपाणीला मावशीच्या आधाराने आलो. सोबत वडिलांची पत्र्याची ट्रंक होती, आणि ट्रंकेत तांबड्या पुठ्ठ्याची एक जुनी कादंबरी.

ती कादंबरी मी एकदा जेवणाच्या सुट्टीत वखारीत वाचत बसले, तेव्हा ओळीतल्या बायका भाकरी खायच्या थांबल्या. त्यांनी पुस्तक पाहिलं नव्हतं असं नाही, पण बाईच्या हातात पाहिलं नव्हतं. ‘काय हाय त्यात?’ असं एकीने विचारलं. मी सांगितलं. एका राजाची एकुलती एक लेक आहे, गादीची वारस. शत्रूने तिला पळवून तळ्यातल्या किल्ल्यात डांबलंय. तिच्या बोटात राजमुद्रेची अंगठी आहे, ती अंगठी ज्याला ती आपल्या हाताने देईल त्याचं राज्य. आणि त्या शत्रूचाच राजपुत्र रोज तिचं ताट घेऊन येतो.

‘मग?’ सगळ्या एकदम म्हणाल्या.

तिथेच ओळीतल्या सगळ्यात थोरल्या आक्काने हात वर केला. ‘थांब गं. दिवसा गोष्ट सांगू नगं. मामा वाट चुकतोय.’

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. दिवसाउजेडी गोष्ट सांगितली की ऐकणारीचा मामा कुठेतरी वाट चुकतो. कोणी हसण्यावारी नेत नाही, कारण मामा सगळ्यांना असतो आणि हवा असतो. एकजण म्हणाली, ‘माझा मामा मेलाय, मला चालतंय.’ दुसरी म्हणाली, ‘माझा चुकू दे. एकदा आला की आठ दिस हालत न्हाय.’ पण बाकीच्या आक्काकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, मला मामाच नाही, मला कसली भीती.

आक्काने विचार केला आणि निवाडा दिला. ‘ही सांगत न्हाय, वाचती. छापल्यालं वाचलं तर दोष छापणाऱ्याला. पर एक ध्येनात ठेव, पदरचं काय घालायचं न्हाय. छापलंय तसंच वाचायचं.’

मुकादमाची परवानगी लागणार होती. तो म्हणाला, ‘हात हालू द्यात. मग तुमी रामायण वाचा न्हायतर मोटारीवरची पाटी वाचा.’

पण हात हलायचे म्हणजे माझेही, आणि माझे हात तर पुस्तकात. त्याची तोड बायकांनीच काढली. मी वाचत असेन तोवर प्रत्येकीने आपल्या निवडलेल्या मालातली एक मूठ माझ्या पाटीत टाकायची. लांब बसलेलीने शेजारणीच्या हातात द्यायची, तिने पुढे सरकवायची. त्या मुठीला ‘वाचणारणीची मूठ’ असं नाव पडलं. वाचायचं म्हणजे तोंडावरचं फडकं मात्र खाली घ्यावं लागे. अकरा जणींची तोंडं बांधलेली आणि माझं एकटीचं उघडं. आवाज कशाने गेला ते आता कळलं असेल.

असं ते सुरू झालं. रोज दुपारी एक प्रकरण. राजकन्या दोन दिवस ताटाला शिवली नाही तर आमच्या ओळीत दोन दिवस कोणाला भाकरी गोड लागली नाही. राजपुत्राने तिसऱ्या दिवशी ताटातला पहिला घास स्वतः खाऊन दाखवला, तेव्हा आक्का म्हणाली, ‘पोरगं चांगलं हाय, बाप मेला वंगाळ.’ त्या किल्ल्यात एक दिवा होता. त्याच्यासमोर कोणी खोटं बोललं की तो विझायचा. हे वाचलं तेव्हा बायका इतक्या हसल्या की मुकादम आत आला. ‘ह्यांच्यापुढं ठेवाय पायजे तसला दिवा,’ असं कोणीतरी पुटपुटलं. मुकादमही दाराशी पोती मोजायच्या निमित्ताने उभा राहून ऐकायचा. पोती मोजायला कुणाला रोज तासभर लागत नाही.

माझ्या डाव्या हाताला बसायची तिची मूठ सगळ्यात मोठी असायची. वीस-एकवीस वर्षांची होती. अंगाने काटक, बोलायला कमी आणि हसली की फडक्याच्या वर डोळे बारीक व्हायचे. मला तिची सवय झाली होती. सवय म्हणते, कारण मैत्री म्हणण्याइतकं आम्ही कधी बोललोच नाही. पण सकाळी ती शेजारी येऊन बसेपर्यंत मला सूप हातात घ्यावंसं वाटत नसे.

ती दोन कोसांवरच्या गावची. आईबाप दोघे गेलेले, भाऊ नाही. वेदगंगेच्या काठची बापाची तीन एकर काळी जमीन तिच्या नावावर, आणि ती कसायचा चुलता. तिचं लग्न बापाने जिवंत असतानाच नदीपलीकडच्या घरी लावून दिलं होतं. ती नांदायला जायच्या आत दोन्ही घरांची नदीकाठच्या बांधावरून मारामारी झाली, डोकी फुटली, बेळगावच्या कोर्टात खटला उभा राहिला. तेव्हापासून चुलत्याचं एकच पालुपद, ‘दुश्मनाच्या घरात पोर धाडत न्हाय.’ पोर गेली तर तिच्यामागे जमीनही जाईल, हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. घरात ठेवायचं, राबवायचं, वखारीत पाठवायचं तर चुलतीच्या सोबतीने. चुलती पलीकडच्या शेडात तंबाखू चाळायची आणि दर तासाला डोकावून जायची.

आम्ही कोणी तिला राजकन्या म्हटलं नाही. पण ओळीतली प्रत्येकजण काय ऐकत होती ते प्रत्येकीला माहीत होतं.

नवरा तिने धड पाहिलाही नव्हता. एकदा जत्रेत गर्दीतून येऊन तो तिच्या ओच्यात बत्तासे टाकून गेला, एवढंच. ते सांगताना तिने फडकं नीट करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. आता त्याचा निरोप आला होता. तिच्या मामाने बाजारात गाठून सांगितला होता. ‘जावई म्हनतोय, जमीन चुलत्यालाच ऱ्हाऊ दे. मला बायको पायजे.’ येत्या बाजारच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, कोल्हापूरच्या रस्त्यावरच्या चिंचेखाली मामा गाडी घेऊन उभा राहणार होता. नवऱ्यासोबत पळाली असती तर गावाने तोंडाला काळं फासलं असतं. मामासोबत गेली तर कोणी ब्र काढू शकत नव्हतं. भाची मामाबरोबर जाते, त्यात काय?

‘खरं बोलतोय का जमिनीपायी बोलतोय, कसं कळायचं गं?’ तिने मला विचारलं. ‘एकदा गेले की माघारी याय दार न्हाय.’

मी म्हटलं, ‘मला काय ठावं?’

ती जरा वेळ सूप पाखडत राहिली. मग म्हणाली, ‘त्या दिव्यापुढं राजपुत्र कवा बोलणार हाय? बाजाराच्या आधी तेवढं येऊ दे.’

हसू नका. शिकलेली माणसं पंचांग बघतात, कौल लावतात, नाडीपट्टी वाचणाऱ्याकडे जातात. तिच्याकडे माझं पुस्तक होतं.

मी नेहमी एक प्रकरण आधी वाचून ठेवायची, म्हणजे वाचताना अडखळायला होत नसे. शेवट मी आदल्या दिवशीच वाचला होता. राजपुत्र चोरदाराची किल्ली घेऊन येतो आणि दिव्यासमोर उभा राहून म्हणतो, मला राज्य नको, अंगठी तळ्यात टाक, मी तुझ्यासाठी आलो आहे. आणि पुढचं वाक्य असं होतं, दिवा तसाच तेवत राहिला. मग ती दोघं चोरदाराने बाहेर पडतात आणि बाकी सगळं गोड होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फडकं खाली घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. ती सूप मांडीवर ठेवून स्वस्थ बसली होती. मी पुस्तकातून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे असे होते की जणू उत्तर तिला आधीच कळलंय आणि नुसता शिक्का मारायचा राहिलाय. उद्या ह्या वेळेला ही जागा रिकामी असेल, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. आणि मनात जे उठलं ते माया नव्हती. मत्सर होता. हिला मामा आहे, हिच्यासाठी गाडी येते, हिला कोणीतरी जमीन सोडून मागतं. मला न्यायला बैलगाडी सोडा, एक पोस्टकार्ड आलं नव्हतं. मी इथे तोंड उघडं टाकून धूळ खाणार आणि माझ्या तोंडून शुभशकुन ऐकून ही निघून जाणार.

मी वाचलं, ‘राजपुत्र म्हणाला, मी तुझ्यासाठी आलो आहे. आणि दिवा विझला.’

एक वाक्य. त्यानंतर मला आणखी चार वाक्यं रचावी लागली. राजकन्येने चोरदार आतून लावून घेतलं आणि किल्ली तळ्यात टाकली, असं काहीतरी. मी पुस्तक मिटलं. कोणी मूठ टाकायला पुढे आलं नाही.

मग ओळीचा एकच गलका झाला. आक्का म्हणाली, ‘मुडदा बशिवला त्या छापणाऱ्याचा! असं कसं लिवलं?’ एकीने लेखकाच्या सात पिढ्या उद्धरल्या. दाराशी मुकादम म्हणाला, ‘न्हाय न्हाय, कायतरी चुकलंय. घास खाऊन दावणारं पोरगं असं करत न्हाय.’ त्या दिवसभरात खरं बोललेला तो एकटा माणूस. डावीकडच्या पोरीने सूप उचललं आणि काड्या वेचायला लागली.

बाजारच्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली. चुलती लवकर घरी गेली होती. डावीकडची सहज उठून जाऊ शकत होती. ती भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसली. मी पाणी प्यायला म्हणून फाटकापर्यंत गेले. चिंचेखाली गाडी होती, बैल सोडून कडबा टाकलेला, आणि एक पागोटंवाला माणूस गाडीच्या साटीला टेकून वखारीच्या फाटकाकडे बघत होता. मामा वाट चुकला नव्हता. बरोबर झाडाखाली, बरोबर वेळेला उभा होता. तेव्हा परत येऊन मी तिला एवढंच सांगायला हवं होतं की मी पदरचं घातलं. पन्नास पावलं होती. मी पाणी प्याले, आत आले आणि शेजारी बसून भाकरी खाल्ली.

संध्याकाळी सुटलो तेव्हा झाडाखाली कडबा तेवढा पडला होता.

तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न करायला तीन वर्षं घेतली. हे कळलं तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब लावत बसले की जमिनीसाठी कोणी तीन वर्षं थांबतं का. थांबतही असेल. माणसं जमिनीसाठी काय करत नाहीत? मी स्वतःला असं पुष्कळ समजावलं. तिने मात्र त्याचं नाव कधी काढलं नाही, आणि मूठ कधी लहान केली नाही. मी दुसरी पुस्तकं वाचत राहिले, छापलंय तसं. तांबड्या पुठ्ठ्याचं पुस्तक ट्रंकेच्या तळाशी घातलं.

पुढे चुलता एक कागद घेऊन तिचा अंगठा मागायला लागला. ती म्हणाली, ‘वाचाय शिकीव.’ मी नाही कशी म्हणणार? तिला नाही म्हणायचं तोंड माझ्याकडे उरलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत फरशीवर तंबाखूची धूळ पसरून तिच्यावर काडीने अक्षरं काढायची, फुंकर मारली की पाटी कोरी. तिला दीड वर्ष लागलं. मग तिने तो कागद मागून घेतला, बोट ठेवून वाचला, त्यात तिने आपला हक्क सोडल्याचं लिहिलं होतं. तिने अंगठा दिला नाही. भांडून आपली तीन एकर वेगळी करून घेतली, त्यात एक खोली बांधली आणि एकटी राहू लागली. बायका म्हणायच्या, तुझ्यामुळं तिचं भलं झालं. मला ते ऐकवत नसे. मी खोकून विषय बदलायची. खोकला तोवर खराच झाला होता.

इंग्रज गेले त्या वर्षी मी अंथरुणाला खिळले होते. वखारीत झेंडा लावला, पेढे वाटले, दुपारनंतर सुट्टी दिली. ती माझ्या वाट्याचा पेढा पदरात बांधून घरी आली. आई केव्हाच गेली होती. तिने चूल पेटवून पेज टाकली आणि मला बदलायला लुगडं हवं म्हणून ट्रंक उघडली. माझ्या अंगात ताप होता, तिने ट्रंक उघडलीय हे ध्यानात यायला वेळ लागला.

‘हे तेच का?’ ती म्हणाली. तिच्या हातात तांबडा पुठ्ठा होता.

मी म्हटलं, ‘ठेव गं ते. वाळवी लागलीय.’

‘ऱ्हाऊ दे. तू लई वाचलंस. आज मी वाचून दावते.’ ती माझ्या उशाशी बसली. मला वाटलं पहिल्या पानापासून सुरुवात करेल, तोवर मला झोप लागेल, नाहीतर काहीतरी होईल. तिने शेवटून पुस्तक उघडलं. कुठलं पान हवंय ते तिला बरोबर ठाऊक होतं.

ती अजून अडखळत वाचायची. प्रत्येक अक्षराखाली बोट. चोरदार, किल्ली, राजपुत्र आला, राजपुत्र बोलला. मी डोळे मिटून घेतले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी ऐकत होते आणि दुसरी कोणी वाचत होती.

‘दि-वा,’ ती म्हणाली. ‘दिवा त-सा-च. ते-वत. रा-हि-ला.’

ती थांबली. बोट मागे नेलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली, ह्या वेळी न अडखळता. बाहेर कुठेतरी मुलं घोषणा देत होती. चुलीवरची पेज उतू जाऊन विस्तवावर चरचरली, तरी ती उठली नाही.

‘इझला न्हवता व्हय दिवा?’

मी म्हटलं, ‘न्हाय.’

तिने आणखी काही विचारलं नाही. का, असंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते ते मला आजही माहीत नाही. तिने पुस्तक ट्रंकेत होतं तिथे ठेवलं, पेज वाडग्यात ओतली, माझ्या मानेखाली हात घालून मला बसवलं आणि फुंकर मारून घोट घोट पाजली. पेढा उशाशी ठेवला. मग दार ओढून घेऊन गेली.

पंधरा दिवसांनी मी वखारीत गेले तेव्हा डावीकडे एक नवीन पोरगी बसली होती, शिंकत. जी रोज तिथे बसायची ती ओळीच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती. पुस्तक मी बरोबर नेलं नव्हतं. माझ्याच्याने वाचणं होत नव्हतं आणि फडकं आता मीही वर बांधलं होतं. वाचणारीण नाही म्हटल्यावर मूठ कोणाला द्यायची?

दुपारी शेजारच्या पोरीने माझ्या पाटीत एक मूठ टाकली. मी म्हटलं, ‘ही कसली? मी कुठं वाचतेय?’ ती म्हणाली, ‘मला काय ठावं मावशी. तिकडून आलीया.’ दहा हातांतून पुढे सरकत ती आली होती, आणि नेहमीसारखीच मोठी होती. मी ओळीच्या टोकाकडे पाहिलं. ती खाली मान घालून काड्या वेचत होती.

मी वखार सोडेपर्यंत ती मूठ रोज आली.